पत्राच्या शेवटची आशा

श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरी बोलावयाचे, आणि विषय घ्यावयाचा तो इंग्रजी पत्राच्या शेवटी उत्तराची अपेक्षा कशी लिहावी हा! श्रोत्यांपैकी काहींना हे कुशावर्ताच्या काठी उभे राहून टेम्स नदीचे माहात्म्य सांगण्यासारखे वाटेल. परंतु पत्रातील दोन शब्दांपाशी भला माणूस कसा अडून बसतो, याची मराठीतील सर्वांत प्रसिद्ध कथा ज्या भावंडांभोवती गुंफलेली आहे, त्यांतील थोरल्याची समाधी याच गावात आहे. पौष वद्य एकादशीस ज्यांच्या दर्शनाला दिंड्या येतात, त्या निवृत्तिनाथांच्या हाती एकदा कोरे पत्र पडले होते.

कथा सर्वांस ठाऊक आहे. चौदाशे वर्षे जगलेले चांगदेव ज्ञानदेवांस पत्र लिहावयास बसले. वयाकडे पाहून 'चिरंजीव' लिहावे, तर ज्ञानाने तो मुलगा आपल्याहून वडील. 'तीर्थरूप' लिहावे, तर पोर मिसरूड न फुटलेले. शेवटी त्यांनी कागद कोराच पाठविला. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्या. आणि निवृत्तिनाथांनी त्या कोरेपणातला भाव ओळखून ज्ञानदेवांस उत्तर लिहावयास सांगितले. ते उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची 'चांगदेव पासष्टी'. या कथेत इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा वाद आज नको. तिच्यातून एवढे निश्चित दिसते की, आपल्याकडे पत्र लिहिणे म्हणजे प्रथम आपली आणि समोरच्याची पायरी ठरविणे. चांगदेव मायन्यावरच अडले. ते पुढे सरकते, तर शेवटाला त्यांची पुन्हा तशीच अडचण झाली असती. कारण मायन्यात ठरविलेली पायरी शेवटच्या मागणीत सांभाळावी लागते. आम्हांस आज या शेवटाविषयी बोलावयाचे आहे.

पेशवाईतील पत्रे ज्यांनी चाळली असतील, त्यांना हे शेवट तोंडपाठ असतील. हाताखालच्या माणसास लिहिताना 'सत्वर येणे', 'ऐवज पाठविणे', 'जाणिजे' असे लिहीत. बरोबरीच्यास 'पाठवावे', 'लोभ असो द्यावा, हे विनंती'. वरिष्ठांस मात्र 'आज्ञा झाली पाहिजे', 'कृपा केली पाहिजे', 'पुढे करणार स्वामी समर्थ आहेत, हे विज्ञापना'. आज्ञा, विनंती आणि विज्ञापना अशा तीन पायऱ्या. आणि प्रत्येक पायरीचे क्रियापदही निराळे. यातील 'पाहिजे' हा शब्द विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. आज आपण 'हे केलेच पाहिजे' असे म्हणतो, तेव्हा ती सक्ती असते. त्या काळच्या पत्रांत हाच शब्द खालून वर जाणाऱ्या नम्र मागणीसाठी येतो. 'पाहिजे' हे 'पाहणे' या धातूचेच जुने कर्मणी रूप. 'पाहिले जाते', 'ज्याच्याकडे डोळे लागले आहेत', असा त्याचा मूळ भाव. सेवकाचे डोळे धन्याच्या कृपेकडे लागलेले आहेत, एवढेच तो म्हणत असे. कालांतराने तेच डोळे वटारले गेले!

या सगळ्या शेवटांत एक गोष्ट कोठेच नाही. 'मी आशा करतो', 'मी अपेक्षा करतो' असे त्यांत कोणी म्हणत नाही. मागणारा 'मी' वाक्यात येतच नाही. 'कळावे' म्हटले की झाले. कोणास कळावे, कोणाची इच्छा म्हणून कळावे, हे 'आवे' या प्रत्ययात मुरलेले असते. व्याकरणकार यास विध्यर्थ म्हणतात. मराठी माणूस पत्रातली आपली आशा प्रत्ययात ठेवीत आला. तिच्यासाठी त्याला निराळे क्रियापद लागले नाही. आणि मोडीत विरामचिन्हे नसल्यामुळे 'कळावे' किंवा 'जाणिजे' हाच पत्राचा पूर्णविराम असे. तो आला की वाचणाऱ्याने समजावे, मजकूर संपला.

इंग्रजाची रीत याहून फार वेगळी होती. येथे एक योगायोग सांगण्याचा मोह होतो. ज्या १७५५ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी त्र्यंबकेश्वराच्या आजच्या मंदिराचे काम सुरू केले असे सांगतात, त्याच वर्षी ७ फेब्रुवारीस लंडनमध्ये डॉक्टर जॉन्सनने लॉर्ड चेस्टरफील्ड यास एक पत्र लिहिले. जॉन्सन इंग्रजी भाषेचा मोठा कोश रचीत होता. आरंभी त्याने या लॉर्डाच्या आश्रयाची आशा धरली होती; परंतु त्याच्या देवडीवर ताटकळण्यापलीकडे हाती काही लागले नाही. सात वर्षांनी कोश पुरा होत आला, तेव्हा लॉर्डसाहेबांनी वर्तमानपत्रातून त्याची स्तुती केली. त्यावर जॉन्सनने हे पत्र लिहिले. त्याचा शेवट असा की, आशेच्या त्या स्वप्नातून मी केव्हाच जागा झालो आहे, ज्या स्वप्नात मी एके काळी मोठ्या अभिमानाने स्वतःस म्हणवीत असे — आणि येथे ओळ बदलून सहीच्या जागी — आपला अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवक, सॅम्युअल जॉन्सन. म्हणजे 'आज्ञाधारक सेवक' हे शब्द रूढीप्रमाणे सहीवर आले खरे, पण ते वरच्याच वाक्याचा भाग झाले. मी स्वतःस काय म्हणवीत असे, तर 'आपला सेवक'! शिष्टाचार एका अक्षराने मोडला नाही आणि थप्पड मात्र बसली.

या पत्रातले शहाणपण आमच्या विषयाचे मर्म आहे. त्या काळच्या इंग्रजी पत्राचा शेवट सुटा नसे. शेवटचे वाक्य सहीत जाऊन मिळे. 'होपिंग टू हिअर फ्रॉम यू सून, आय रिमेन, सर, युवर ओबीडियंट सर्व्हंट' असे लिहीत. याचा अर्थ, 'लवकरच आपल्याकडून कळेल अशी आशा बाळगीत मी आहे, महाराज, आपला आज्ञाधारक सेवक'. वाक्यातले मुख्य क्रियापद 'आय रिमेन' हे होय. 'होपिंग' हे नुसते त्याला लोंबकळणारे धातुसाधित. हे एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा सगळा घोटाळा उलगडतो.

१८१८ च्या एप्रिलमध्ये त्र्यंबकचा किल्ला कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने घेतला आणि त्याच वर्षी पेशवाई संपली. राज्य गेले त्याबरोबर अर्ज ज्याच्याकडे करावयाचा तो धनीही बदलला. खालच्या कचेऱ्यांतून मराठी चालू राहिली; परंतु शेवटचा निकाल देणारा साहेब इंग्रजीत विचार करी आणि त्याच्यावरचे साहेब तर समुद्रापलीकडे बसत. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ साली पदच्युत झाले. त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत तेथे निवेदनांवर निवेदने देत राहिले. मध्यंतरी १८४८ साली राज्यच खालसा झाले, तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खनमधील इनामदारांवर आपापल्या सनदा सिद्ध करण्याची पाळी आली. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली आणि तिने पार्लमेंटकडे अर्ज धाडला. एकाचे राज्य, दुसऱ्याचे वतन, तिसऱ्याचे नागरिकत्वाचे हक्क, ही सगळी आता अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदाला टांगलेली होती.

अशा अर्जांचा एक ठरलेला शेवट असे. 'अँड युवर पिटिशनर्स, अ‍ॅज इन ड्यूटी बाउंड, विल एव्हर प्रे'. 'आणि आपले अर्जदार, कर्तव्य म्हणून, सदैव प्रार्थना करीत राहतील.' कशाची प्रार्थना, ते सांगितलेले नाही. आपल्या भिक्षुकाने दक्षिणा मागताना यजमानाच्या कल्याणाचा आशीर्वाद आधीच पुटपुटावा, तसा हा प्रकार. मागणी वर होऊन गेलेली असते. शेवटी मागितलेले मिळेल अशी आशा न म्हणता, दात्यासाठी देवापाशी शब्द टाकण्याचे आश्वासन द्यावयाचे. आमच्या जुन्या विज्ञापनेची ही सख्खी बहीणच म्हणावयाची. म्हणूनच की काय, आपल्या वकिलांना ती फार मानवली. आपल्या देशातल्या न्यायालयांत दाखल होणाऱ्या अर्जांच्या शेवटी हे वाक्य आजही भेटते. ज्याने ते टंकलिखित केले त्याने खरोखरच रोज संध्याकाळी न्यायाधीशांसाठी प्रार्थना करावी, अशी अपेक्षा अर्थातच कोणी धरीत नाही.

खरी अडचण आली ती पुढच्या पिढीत. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली आणि इंग्रजी लिहिणारा एक नवा वर्ग निर्माण झाला. यापूर्वी इंग्रजी अर्ज कोणी वकील किंवा जाणता माणूस लिहून देई. आता ज्याला नोकरी हवी तो स्वतःच लिहू लागला. त्याने साहेबांची पत्रे पाहिली, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली आणि 'होपिंग टू हिअर फ्रॉम यू' हे उचलले. पण पुढचे 'आय रिमेन' हळूहळू गळून पडले आणि स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम आला. विरामचिन्हे मराठीत रुळविण्याचे श्रेय मेजर कँडी यांस दिले जाते; आपल्या कारकुनाला पूर्णविराम मिळाला, पण तो नेमका कोठे ठोकावयाचा, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितले नाही. 'होपिंग टू हिअर फ्रॉम यू.' 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन.' ही वाक्ये नव्हेत. मराठीत कोणी 'आपल्या उत्तराची आशा धरून' एवढेच लिहून थांबला, तर आपण लगेच विचारू, 'बरे, धरून काय?' 'जेवून' म्हटले की ऐकणारा पुढच्या क्रियापदाची वाट पाहतो. 'ऊन'वर मराठी वाक्य संपत नाही, हे लहान मुलालाही कळते. तेच तत्त्व इंग्रजीत लागू करावयाचे. एकतर 'आय होप टू हिअर फ्रॉम यू' असे उघड कर्ता घालून लिहावे, नाही तर जुन्या रीतीने 'आय रिमेन' जोडावे.

या प्रकाराला साहेब लोक फार हसले. १८९१ साली लंडनमध्ये 'बाबू इंग्लिश' म्हणून अशा इंग्रजीचा मासला दाखविणारे एक पुस्तकही निघाले. परंतु ज्यांनी हसावे त्यांच्याच पेढ्यांतून रोज निघणाऱ्या व्यापारी पत्रांचा शेवट 'अवेटिंग युवर एस्टीम्ड फेव्हर्स' असाच असे! तो दोष बाबूने शोधून काढला नव्हता. तो त्याला साहेबाच्या कारकुनाकडून मिळाला होता. कर्त्यावाचून लोंबकळणारे वाक्य लंडनच्या व्यापाऱ्याने लिहिले तर ती पेढीची रीत, आणि पुण्याच्या उमेदवाराने लिहिले तर तो विनोद, हा न्याय आम्हांस मान्य नाही. फरक एवढाच होता की, व्यापाऱ्याचे त्यात काही जात नसे आणि उमेदवाराची महिना पंधरा रुपयांची नोकरी जात असे.

आता दुसरी अडचण, आणि ही अधिक नाजूक आहे. मराठीत पायरी क्रियापदाच्या रूपाने कळत असे. इंग्रजीत 'येणे', 'यावे', 'आले पाहिजे' असा जिना नाही. तेथे पायरी क्रियापदाच्या निवडीत असते. 'होप', 'ट्रस्ट', 'एक्स्पेक्ट' या तिघांस कोशात आशा, भरवसा, अपेक्षा असे प्रतिशब्द मिळतात, आणि कोशावर विसंबणारा उमेदवार 'आय एक्स्पेक्ट अ‍ॅन अर्ली रिप्लाय' असे लिहून मोकळा होतो. त्याच्या मनात असते 'लवकर उत्तर यावे'. साहेबाच्या कानी पडते 'लवकर उत्तर धाडणे, जाणिजे'! कारण इंग्रजी 'एक्स्पेक्ट' माणसाकडे वळला की त्यात हक्काची छटा येते.

याला इतिहासातलाच दाखला आहे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारच्या लढाईपूर्वी नेल्सनने निशाणांच्या खुणांनी आपल्या आरमारास संदेश दिला. प्रत्येक मनुष्य आपले कर्तव्य बजावील असा इंग्लंडला भरवसा आहे, असे त्याला म्हणावयाचे होते आणि त्यासाठी त्याने 'कन्फाइड्स' हा शब्द सांगितला. निशाणे चढविणाऱ्या पास्को नावाच्या लेफ्टनंटने विनंती केली की, हा शब्द आमच्या संकेतपुस्तकात नाही, एकेक अक्षर लावावे लागेल. त्याऐवजी 'एक्स्पेक्ट्स' चालेल का? तो पुस्तकात आहे. नेल्सनने होकार दिला. अशा रीतीने भरवशाच्या जागी अपेक्षा आली, ती अर्थासाठी नव्हे, केवळ निशाणे वाचावीत म्हणून! पुढे हे वाक्य इतके गाजले की शाळकरी मुलांनी ते पाठ केले. पण त्यात बोलणारे राष्ट्र आहे आणि ऐकणारे त्याचे खलाशी आहेत. राष्ट्राला अपेक्षा करण्याचा अधिकार आहे. उमेदवाराला तो नाही. त्याने 'होप'च धरावी. हेही सांगितले पाहिजे की, मराठी 'अपेक्षे'तही हा हक्क सुप्त असतोच. 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती' असे म्हणतो तेव्हा आपण काही नम्रपणे बोलत नसतो.

तिसरा शब्द 'अँटिसिपेट'. त्याचा मूळ अर्थ आधीच घेणे, आधीच करून टाकणे. 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन' म्हणजे काम होण्यापूर्वीच आभार मानून समोरच्याला बांधून घेणे. आम्हांस स्वतःला हे सभ्यतेचे वाटत नाही. आभार ही उधारीची वस्तू नव्हे, तशी आगाऊ द्यावयाचीही नव्हे.

सर्वांत अधिक चुकणारा प्रयोग मात्र 'लुक फॉरवर्ड टू' हा होय. शेकडा किती लोक चुकतात ते मोजण्याच्या भरीस न पडता आपल्याकडील कोणत्याही कचेरीतील फाइल उघडावी. 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' हे वाक्य भेटतेच. 'हिअर' नव्हे, 'हिअरिंग' पाहिजे, असे शिक्षक सांगतात आणि मुले घोकतात. का, ते कोणी विचारीत नाही. मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात काम केलेल्या रेन नावाच्या गृहस्थांचे व्याकरण आपल्या तीन-चार पिढ्यांनी मार्टिनच्या जोडीने अभ्यासले — हेच गृहस्थ 'बो जेस्ट' नावाच्या गाजलेल्या कादंबरीचे लेखक, हे त्या पिढ्यांना बहुधा ठाऊक नव्हते — पण या एका ठिकाणी आमचे मराठीच अधिक चांगले व्याकरण शिकविते. ते कसे, ते पाहा.

अपेक्षेचे शब्द बहुतेक भाषांत पाहण्यावरून निघाले आहेत. 'अपेक्षा' आणि 'प्रतीक्षा' या दोहोंत संस्कृतातील 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हा धातू आहे. इंग्रजी 'एक्स्पेक्ट' लॅटिनमधील बाहेर डोळे लावून पाहणे या अर्थाच्या शब्दावरून आला. 'पाहिजे'ची गोष्ट वर आलीच आहे. संस्कृतात तर 'आशा' या शब्दाचा अर्थ दिशा असाही होतो. आणि आपली साधी मराठी म्हणते 'वाट पाहणे'. घाटातून येणाऱ्या माणसासाठी ओसरीवर उभे राहून रस्त्याकडे डोळे लावणे, हे चित्र त्यात अजून शाबूत आहे. 'लुक फॉरवर्ड टू' हे याच चित्राचे इंग्रजी रूप; पुढे पाहणे, कशाकडे तरी पाहणे. त्यातला 'टू' हा 'कडे' आहे. मराठीत आपण 'तुमचे उत्तर येण्याची वाट पाहतो' असे म्हणतो. 'उत्तर यायला वाट पाहतो' असे कोणी म्हणत नाही. 'येण्या'ला नामाचे रूप देऊन मग विभक्ती लावतो. इंग्रजीतही तेच करावयाचे. 'कडे' पाहावयाचे तर समोर वस्तू हवी, म्हणून 'हिअर'चे नाम करून 'हिअरिंग' लिहावयाचे. उलट 'होप'मध्ये 'कडे' नाही, म्हणून तेथे 'टू हिअर' बरोबर. ज्याला 'येण्याची वाट' आणि 'यावे अशी आशा' यांतला फरक आईच्या दुधाबरोबर मिळाला आहे, त्याने येथे चुकू नये. तो चुकतो याचे कारण इंग्रजी लिहिताना आपली मराठी दाराबाहेर चपलांजवळ ठेवून आत जावे, असे त्याला शाळेत शिकविले गेले.

'अवेट' आणि 'वेट' यांचेही असेच. 'अवेट'ला कर्म थेट लागते, 'वेट'ला मध्ये 'फॉर' लागतो. 'अवेटिंग फॉर युवर रिप्लाय' हे या दोघांचे कडबोळे. यावर अधिक बोलण्याचे कारण नाही.

इंग्रजीच्या या सहवासात मराठी पत्राचे काय झाले, ते सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. इवल्याशा कार्डावर 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' मावेना, मायने आखडले. तरी 'कळावे, लोभ असावा ही विनंती' एवढे कोपऱ्यात कसेबसे तगून राहिले, कधी नुसत्या आद्याक्षरांनी. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६२ साली 'पदनाम कोश' आला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने कचेरीत मराठीला तिची जागा मिळाली. पण कचेरीतल्या मराठी पत्राचा साचा इंग्रजीवरूनच उतरलेला होता. 'आपला विश्वासू' हे 'युवर्स फेथफुली'चे भाषांतर. 'केल्यास आभारी होईन' हे वाक्यही आमच्या मते इंग्रजी अर्जाच्याच पंगतीतले. तरीसुद्धा 'योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती' यात जुना 'आवे' अजून श्वास घेतो आहे, आणि ज्या कोणा अधिकाऱ्याने तो प्रथम मसुद्यात राहू दिला त्याला मराठीचा कान होता असे आम्ही समजतो.

हल्ली मात्र एक नवा शेवट दिसू लागला आहे. सुशिक्षितांच्या मराठी पत्रांखाली, लग्नपत्रिकांपासून संस्थांच्या निवेदनांपर्यंत, सहीच्या वर एक ओळ असते: 'आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत.' पुढे क्रियापद नाही, कर्ता नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कारकुनाने 'आय रिमेन' गाळून जे अर्धे वाक्य इंग्रजीत लोंबकळत ठेवले होते, ते फिरून मराठीत येऊन राहिले आहे. आणि त्याने ज्याची जागा घेतली, ते 'कळावे' एका शब्दाचे का होईना, पुरे वाक्य होते.